झालेलं मान्य करायचं म्हणजे हार मानायची का?

तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ३८. बायको त्याला सांगलीला समुपदेशनासाठी घेऊन आली तेव्हा मार्च संपत आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना सलग तीन दिवस पाऊस लागला. घड कुजले, उरलेल्यावर डाऊनी हा बुरशीचा रोग आला, औषध दुकानाची उधारी अंगावर बसली. तेव्हापासून तो बागेत फिरकला नव्हता. दिवसभर मोबाइलवर हवामानाचे अंदाज बघायचा आणि एकच हिशेब मांडायचा: छाटणी आठ दिवस उशिरा घेतली असती तर? बायको म्हणायची, "अहो, झालं ते झालं, सोडा आता." की हा भडकायचा. "सोडा म्हंजे? हार मानू व्हय?"

त्याचा राग समजण्यासारखा आहे. "मान्य करा" हा सल्ला आपल्याकडं बहुतेक वेळा "नशीब समजा नि गप बसा" याच सुरात दिला जातो. मान्य करायचं ते एवढंच: पाऊस पडला, माल गेला. ते आवडून घ्यायची किंवा न्याय्य मानायची सक्ती नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत दोन गोष्टी वेगळ्या धरतात: 'असं व्हायलाच नको होतं' ही मागणी, आणि 'झालं नसतं तर बरं होतं' ही इच्छा. इच्छा धरली तरी दुःख राहतंच, पण पाय हलतात. मागणी धरून बसलेला माणूस नोव्हेंबरातच अडकतो.

चिकाटीबद्दल बोलण्याआधी मात्र एक काम उरकावं लागतं. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची नऊ प्रश्नांची यादी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. कर्जातल्या शेतकऱ्याला तो आडवळणानं विचारू नये. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर आलं, "कवा कवा येतं मनात." त्याच दिवशी कीटकनाशकं घरातून हलवून भावाकडं कुलपात ठेवायला लावली, मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालू असणारा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये घातला.

मग बाग. खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावर एप्रिलच्या सुमारास घेतात ती, तोंडावर होती. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात. हे त्यालाच समजावून सांगायला लावलं. सांगता सांगता तो मध्येच थांबला. एप्रिल-मे वाया गेला तर पुढचं पीकही गेलं, हे त्याच्याच तोंडून आलं.

पहिल्या आठवड्याचं काम हसू येईल इतकं लहान ठेवलं: रोज ठिबकच्या एका ओळीतले तुंबलेले ड्रिपर मोकळे करायचे. वेळही बांधलेली. सकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की चप्पल पायात. मन झालं की जाऊ म्हटलं तर जाणं होत नाही. मन बहुधा हात चालू झाल्यावर येतं. 'छाटणी उशिरा घेतली असती तर' या हिशेबालाही बंदी घातली नाही. त्याला संध्याकाळी सात ते सव्वासात, ओट्यावर. दिवसा तो विचार आला की वहीत एकच शब्द लिहायचा: "सातला".

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. बरं वाटतंय म्हणून एका दिवसात अकरा ओळी उरकल्या, पुढचे तीन दिवस अंथरुणात. हे इतक्यांचं होतं की आधीच गृहीत धरलेलं बरं. म्हणून किमान एक ओळ, कमाल तीन. चौथीला हात लावायचा नाही, कितीही जोर आला तरी. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, दुसऱ्या दिवशी अर्ध्या ओळीनं सुरुवात. बायकोला एकच सूचना: "गेला होता का?" हे विचारणं बंद, चहा मात्र वेळेवर. तिला हेच सगळ्यात जड गेलं.

उधारी समुपदेशनानं फिटत नाही. दुकानदाराकडं जाऊन हप्ते बांधून मागणं, हे कामही वहीत एक 'ओळ' म्हणूनच लिहिलं. त्याला नऊ दिवस लागले.

मेमध्ये वळीव झोडपून गेला. त्या दिवसाच्या पानावर एवढंच: "पाऊस. सकाळी जाता आलं नाही. संध्याकाळी अर्धी ओळ." आणि खाली एकदा, "सातला".