'किंवा' म्हणजे दोन्ही चालतं?

प्रश्न : बाई, माझी मुलगी बारावीत आहे. गणिताच्या पहिल्याच धड्यात दिलंय की 'किंवा'ने जोडलेली दोन्ही विधानं सत्य असली, तरी जोडविधान सत्यच. मग हॉटेलात थाळीबरोबर 'श्रीखंड किंवा बासुंदी' असतं, तिथे दोन्ही का वाढत नाहीत? घरात रोज वाद चाललाय. – एक पालक, मिरज

उत्तर : परीक्षेत लेकीचंच लिहा, मार्क तिलाच मिळतील. तर्कशास्त्रातलं 'किंवा' एकाच परिस्थितीत खोटं पडतं, दोन्ही विधानं असत्य असतील तेव्हा. त्याचं ते इंग्रजी व्हीसारखं चिन्ह लॅटिनमधल्या 'व्हेल' या शब्दावरून आलं.

तुम्ही म्हणाल, हे पुस्तकी झालं. बरं, एसटीत 'ज्येष्ठ नागरिक किंवा दिव्यांग' अशी पाटी असेल आणि काठी टेकत सत्तरीचे आजोबा आले, तर 'तुम्ही दोन्ही आहात, उठा' असं कोण म्हणेल? थाळीचं वेगळं. दोन्ही द्यायचं असतं तर मालकानं 'आणि' लिहिलं असतं, हे आपणच मनात धरतो. शब्दात ते नसतं.

पटत नसेल तर वाक्याला 'नाही' लावून बघा. 'आमचे हे चहा किंवा कॉफी घेत नाहीत.' म्हणजे दोन्ही बंद. 'किंवा'चा अर्थ 'दोनातलं एकच' असता, तर दिवसभर दोन्ही ढोसणाऱ्या माणसालाही हे वाक्य लागू झालं असतं!

एकच निवडायला लावायचं असेल तर मराठीत 'की' आहे. 'चहा घेणार की कॉफी?' याला 'हो' म्हणून चालत नाही. 'चहा किंवा कॉफी घेणार का?' याला पाहुणे खुशाल 'हो' म्हणतात आणि आपण स्वयंपाकघरातून परत विचारायला येतो.

आता माझीच फजिती सांगते. एकतीस वर्षं हा धडा शिकवला. गेल्या पावसाळ्यात मोरीतला नळ गळायला लागला. प्लंबर बघून म्हणाला, ''वॉशर गेलाय किंवा आटे झिजलेत.'' मी वॉशर काढून पाहिला, तर पार चिंधी झालेला. म्हटलं, चला, म्हणजे आटे ठीक आहेत. नवा वॉशर घातला, त्याला येऊ नको म्हणून फोनही केला. रात्रभर टपटप. सकाळी पुन्हा बोलावला, तर नळ फिरवून बघत म्हणतो, ''दोन्ही गेलंय. मी 'किंवा' म्हणालो होतो ना, बाई?''