कटलेट फुटतात म्हणून बटाटा वाढतो, बटाटा वाढला की तेल वाढतं

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोथरूडला राहते. आमच्याकडे रविवारी फिश कटलेट ठरलेले, पण ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून तळण बंद केलंय. म्हणून तव्यावर थोड्या तेलात करायला लागले तर उलटताना फुटतात, मग मी बटाटा आणि ब्रेडचा चुरा वाढवते, तर मुलगी म्हणते आई हे बटाट्याचेच आहेत, मासा कुठाय. एअर फ्रायरमध्ये केले तर कोरडे ठणठणीत. मासा बहुतेक वेळा फ्रोझन बासा असतो, कधी बांगडा. मुद्दाम काही आणायला लावू नका प्लीज, घरातल्या डब्यांत असतं त्यातूनच सांगा.

उत्तर: तुमची मुलगी बरोबर बोलतेय. पण बटाटा कमी करा असं नुसतं सांगून उपयोग नाही, कारण तुमचा खरा प्रॉब्लेम पाण्याचा आहे. बासाला मुळातच पाणी खूप सुटतं, त्यात फ्रोझन असेल तर वरचा बर्फ वेगळा, आणि हे सगळं पाणी मिश्रणात गेलं की ते सैल होतं, सैल झालं की आपण बटाटा कोंबतो, चुरा कोंबतो, आणि तरी फुटायला लागलं की तेल वाढवतो. पाणी आधीच काढलं तर पुढचं सगळं आपोआप कमी होतं.

तर मासा आदल्या रात्री फ्रीजमध्येच चाळणीवर ठेवून वितळू द्या, खाली वाडगं ठेवा. सकाळी हळद, मीठ, लिंबू चोळून पंधरा मिनिटं, आणि सुटलेलं पाणी फेकून द्या. लिंबू इथेच लावायचं, नंतर मिश्रणात पिळायचं नाही. मग मोदकपात्रात किंवा चाळणीवर आठ-दहा मिनिटं वाफवा. पाण्यात उकडू नका हो, चवही जाते आणि मासा परत पाणी पितो. गार झाला की धुतलेल्या सुती फडक्यात घालून, चक्का बांधताना दही पिळतो तसा हलक्या हाताने पिळा. बासातून किती पाणी निघतं ते बघाच एकदा.

बांगडा असेल तर पिळायचं काम फारसं नाही, काटे काढायचं आहे. वाफवलेल्या बांगड्याचं मांस बोटाने सहज सुटतं, मधला काटा अख्खा निघतो, पण कडेचे बारीक राहतात, ते डोळ्यांनी दिसत नाहीत, चिमटीत चुरत चुरत शोधावे लागतात. कातडीखाली बाजूने लालसर काळपट पट्टा असतो, वास त्याचाच जास्त येतो. लहान मुलांसाठी करत असाल तर काढा, नाहीतर राहू द्या. खरं सांगायचं तर ह्यांच्या कोलेस्टेरॉलचा विचार करून मी बासापेक्षा बांगडाच घ्या म्हणेन, ओमेगा-३ त्यात कितीतरी जास्त असतं. बासा बिनकाट्याचा आणि बिनवासाचा, एवढंच त्याचं कौतुक.

आता प्रमाण. वाफवून पिळलेला मासा ३०० ग्रॅम असेल तर एकच मध्यम बटाटा. तो सालासकट अख्खा उकडा आणि पूर्ण गार करून किसा, गरम बटाटा कुस्करत बसलं की तो चिकट होतो. बाइंडिंगला ब्रेडच्या चुऱ्याऐवजी जाडे पोहे कोरडेच जरा भाजून मिक्सरला भरड काढा, तीन-चार चमचे. एका अंड्याचा पांढरा भाग. ओट्स असतील तर पोह्यांऐवजी तेही चालतात, पण माझं मत विचाराल तर ओट्सने कटलेट जरा गिळगिळीत होतात. बटाटा अजिबातच नको असेल तर उकडलेलं कच्चं केळं घाला, ते मस्त धरून ठेवतं.

आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर हे वाटू नका, बारीक चिरा, वाटलं की परत पाणी आलं. कांदा घालायचा तर थेंबभर तेलात परतून गार करून. मीठ शेवटी आणि चाखून, कारण माशाला आधी लावलेलं आहेच. टिनमधला ट्यूना वापरणार असाल तर तो चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा, पिळा, आणि मग वेगळं मीठ बहुतेक लागतच नाही.

मिश्रण झालं की लगेच थापायला घेऊ नका. पोह्यांना उरलंसुरलं पाणी प्यायला वेळ द्या, फ्रीजमध्ये अर्धा तास. मग फार जाड नाही असे चपटे कटलेट करा आणि बारीक रव्यात नुसते टेकवून झटका. रव्याचा थर जाड झाला की तोच तेल पितो.

बिडाचा तवा नीट तापवा, चार कटलेटना एक चमचा तेल, मध्यम आच, दोन मिनिटं झाकण आणि मग उघडं. आणि उलटायची घाई करू नका! खालून खरपूस झाला की कटलेट तवा स्वतःहून सोडतो, कालथा घातल्यावर चिकटला वाटला तर अजून मिनिटभर थांबा. मासा शिजलेलाच आहे, फक्त अंडं शिजायचंय आणि रंग यायचाय.

एअर फ्रायरमध्ये तुम्ही तेल अजिबात लावत नसणार. तेल नसेल तर रवा पांढराच राहतो आणि कच्च्या पिठासारखा लागतो. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा, १८० डिग्रीला दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. बासा असेल तर मिश्रणातही एक चमचा तेल घाला, त्याला स्वतःची चरबी नाहीच फारशी.

प्रश्न: पावसाळ्यात समुद्राचे मासे महाग होतात, मग कटलेटला रोहू-कटला चालेल का? (हडपसर)

उत्तर: चवीला चालेल, पण काट्यांनी जीव जाईल. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते म्हणून भाव चढतात. रोहू आणि कटला दोन्हींत मांसाच्या आतच वाय आकाराचे बारीक काटे असतात, ते कुस्करताना मोडतात आणि मिश्रणात हरवतात. त्यापेक्षा उजनीची चिलापी घ्या, भिगवणकडून पुण्यात येते ती. तिच्यात हे असले काटे नसतात, मांस पांढरं आणि घट्ट असतं. तेही नको तर घरात सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, असेलच. भाजून, निवडून, दोनदा धुवून घट्ट पिळा आणि वरच्याच मिश्रणात माशाच्या निम्म्या मापाने घाला. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र जवळा देऊ नका.

प्रश्न: कटलेटबरोबर दह्यातली हिरवी चटणी केली तर सासूबाई म्हणतात मासे आणि दही एकत्र खाल्लं की अंगावर कोड उठतं. खरं का?

उत्तर: नाही. कोड त्याने होत नाही, आणि बंगाल्यांकडे तर दह्यातला मासा लग्नाच्या पंगतीतही वाढतात. पण सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्यासाठी चटणीत दह्याऐवजी कोकमाचं आगळ घाला, माशाबरोबर ते जास्तच छान लागतं. केचप मात्र दोघींनीही टाळा, साखर आणि मीठ दोन्ही भरपूर असतं त्यात.

प्रश्न: एकदम जास्त करून फ्रीझ करता येतील का? मासा आधीच फ्रोझन होता.

उत्तर: येतील. वितळलेला कच्चा मासा तसाच परत फ्रीझरमध्ये टाकू नये, पण तुम्ही तो मध्ये शिजवलाय, त्यामुळे चालतं. फक्त मिश्रण ओट्यावर ताटकळत ठेवू नका. रवा न लावता ताटात सुटे मांडून फ्रीझ करा, कडक झाले की डब्यात भरा आणि महिन्याभरात संपवा. तळताना वितळवायचे नाहीत, वरून जरा ओलसर झाले की रवा टेकवून थेट तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून.