सूर्य मंदावला की पॅनेलवर धूळ बसली?

प्रश्न : गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या विजेची नोंद मी रोज ठेवतो. यंदा वीज कमी मिळाली. सूर्याचं तेज ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतं म्हणतात. मग तापमानवाढही सूर्यामुळेच होत असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी पॅनेलवर बोट फिरवून पाहा. सौरचक्रातला फरक जेमतेम ०.१ टक्का असतो. पॅनेल एका अंशाने तापलं की वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे पाव अंशाच्या तापण्यातच अख्खं सौरचक्र झाकलं जातं. धूळ, ढग आणि शेजारच्या नव्या इमारतीची सावली वेगळीच.

म्हणून सूर्याच्या तेजाचं मोजमाप उपग्रहावरूनच करावं लागतं. जुनी उपकरणं चौरस मीटरला सुमारे १३६६ वॅट दाखवत. २००३ मध्ये गेलेल्या ‘सोर्स’ उपग्रहावरच्या उपकरणाने १३६१ दाखवले. जुन्यांच्या आत विखुरलेला जादा प्रकाशही मोजला जात होता. चूक पाच वॅटची आणि चक्राचा चढउतार एका वॅटचा! तरी चढउतार कळतो. घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी तास तासच भरतो. खरी अडचण १९८९ ते १९९१ या काळाची. एक उपकरण बंद पडलं, ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या अपघातामुळे पुढचं लांबलं. मधली नोंद कमी प्रतीच्या उपकरणांची. ती कशी जोडायची यावर सूर्य किंचित उजळला की नाही, हे ठरतं. १९७८ आधी तर उपग्रहांची सलग नोंदच नाही. सौरडागांवरून, म्हणजे सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांवरून, अंदाज बांधावा लागतो. १६४५ ते १७१५ या काळात डाग फार थोडे होते, पण तेज नेमकं किती घटलं होतं, यावर आजही मतभेद आहेत.

आता हिशेब. एक वॅट गोल पृथ्वीवर पसरला की पाव होतो, त्यातला ३० टक्के परत फेकला जातो. उरतात सुमारे ०.१८ वॅट, तेही वर-खाली होणारे. १७५० पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा उष्णतेचा भार एकट्याचाच दोन वॅटच्या वर आहे आणि तो उतरत नाही. शिवाय सूर्य कारण असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड झाला आहे.

अतिनील किरणांचा चढउतार मात्र काही टक्क्यांचा असतो. त्याने ओझोन बदलतो. त्याचे पडसाद प्रादेशिक हवामानात किती उमटतात, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. आपल्या पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने उभारलेली, आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरची ‘सूट’ ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे याच अतिनील पट्ट्यात सूर्य टिपते, म्हणून ती मोलाची.

पॅनेल सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. नोंदींची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, जानेवारीची जुलैशी नको. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असल्याने ऊर्जाच जवळपास ७ टक्के जास्त येते.