श्रिंप निवडताना आधी पाणी बघा

गोड्या पाण्यातल्या शोभेच्या श्रिंपवर, म्हणजे टाकीत पाळायच्या इवल्या कोळंबीवर, एवढी पत्रं आली आहेत की या महिन्याचं सदर त्यांनाच देते.

प्रश्न : ताई, घरी दीड फुटाची टाकी आहे. गप्पी होते, ते आता मोठ्या टाकीत हलवले. दुकानात लाल, पिवळे, निळे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे श्रिंप पाहिले. मुलीला प्रत्येक रंगाचे दोन-दोन हवेत. आमच्याकडे सकाळी पालिकेचं पाणी येतं, बाकी वेळ बोअरचं. कोणते घ्यावेत? *– एक वाचक, पिंपरी-चिंचवड*

उत्तर : पाण्याचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, फार बरं केलंत. निवड तिथूनच सुरू होते. तुम्ही पाहिलेल्या रंगांमध्ये दोन वेगळी घराणी आहेत. लाल, पिवळे आणि निळे बहुतेक निओकॅरिडिना, म्हणजे आपण ज्यांना चेरी म्हणतो ते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रिस्टल रेड हा कॅरिडिना. दोघांची अंगकाठी सारखी दिसते, पण पाण्याची गरज अगदी वेगळी.

क्रिस्टल रेड जपानमध्ये तयार झाला. हिसायासू सुझुकी यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘बी’ (म्हणजे मधमाशी) श्रिंपमध्ये लाल पिल्लं निपजली आणि त्यांनी १९९०च्या दशकात निवडून निवडून ही जात वाढवली. त्याला मऊ, किंचित आंबट पाणी लागतं : पीएच ६ ते ६.८, तापमान २० ते २४ अंश. त्यासाठी तळाला पीएच खाली धरून ठेवणारी खास माती घालावी लागते आणि आरओच्या पाण्यात मोजून क्षार मिसळावे लागतात. वर्ष-दोन वर्षांत त्या मातीची ताकद संपते, मग ती बदलायची. मला तो श्रिंप मनापासून आवडतो, पण पहिल्या टाकीसाठी मी तो कुणालाही सुचवत नाही.

चेरीला पीएच ६.५ ते ८ चालतो, तापमान १८ ते २८ आणि पाण्याचा कठीणपणा साधारण ६ ते १० जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप). बोअरचं पाणी मात्र मोजल्याशिवाय वापरू नका. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं पाणी पुष्कळदा इतकं जड असतं की त्यात डाळ शिजत नाही. आरओ दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या खिशात टीडीएसचा पेन असतो, त्याच्याकडून दोन्ही पाणी मोजून घ्या. २०० ते ३००च्या आसपास आकडा आला तर निर्धास्त व्हा. ६००-७०० आला तर पालिकेचं पाणी वापरा किंवा बोअरमध्ये आरओचं पाणी मिसळा. टीडीएस विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात कॅल्शियम किती हे सांगत नाही. म्हणून जीएच मोजायचं थेंबांचं किट घ्याच. श्रिंप कात टाकून वाढतो आणि नवं कवच घडवायला त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. नुसत्या आरओच्या पाण्यात ते नसतं, त्यामुळे कात अर्धवट अडकते आणि श्रिंप मरतो. टाकलेली कात पारदर्शक श्रिंपसारखी दिसते, मेला समजून फेकू नका. ती तशीच राहू द्या, ते स्वतःच खातात.

आता मुलीच्या रंगांचं. निओकॅरिडिनाचे सगळे रंग एकाच जातीचे, त्यामुळे एकत्र ठेवले की आपसात वीण होते आणि दोन-तीन पिढ्यांत पिल्लं मातकट तपकिरी निघायला लागतात. मूळ रानटी रंग तोच. मुलीला एकच रंग निवडायला सांगा आणि त्याचे दहा-बारा घ्या. थोडे घेतले तर सगळे एकाच लिंगाचे निघण्याची शक्यता असते, शिवाय ते दबून, लपून राहतात. मादी मोठी आणि गडद असते. मानेमागे पिवळसर खोगिरासारखा डाग दिसला की तिच्या अंगात अंडी तयार होत आहेत. नंतर ती अंडी पोटाखाली घेऊन महिनाभर पायांनी हलवत राहते. पिल्लं बाहेर येतात ती आईचीच इवलीशी प्रत असतात. मुलीला भिंग देऊन त्या टाकीसमोर बसवा.

गप्पींना कधी औषध दिलं होतं का, तेवढं आठवून बघा. पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत मोरचूद असतं. माशांना चालणारी तांब्याची मात्रा श्रिंपला मारते आणि ते तांबं वाळूत मुरून राहतं. दिलं असेल तर वाळू बदला. मासे हलवल्यावर टाकी रिकामी पडून असेल तर फिल्टरमधले, घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणूही उपाशी मेलेले असतात. पुन्हा चार ते सहा आठवडे टाकी मुरू द्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत. स्पंज फिल्टर लावा, दुसऱ्या फिल्टरच्या तोंडात पिल्लं ओढली जातात. जावा मॉस ही पाणवनस्पती भरपूर घाला. आणि रस्त्यावरच्या देशी बदामाच्या झाडाखाली पडलेलं तपकिरी पान उचला, धुऊन, उकळून तळाला ठेवा. जिथे फवारणी होत नाही तिथलंच उचला. ते कुजताना त्यावर जो बुळबुळीत थर धरतो तो पिल्लांचं उत्तम खाद्य असतो.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला जातो. श्रिंप जगतील का? चिलर परवडणार नाही. *– एक वाचक, नागपूर*

उत्तर : चेरी जगवता येतील. पाणी ३०च्या वर टिकून राहिलं की अंडी गळतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि अशक्त श्रिंप आधी जातात. सगळा प्रयत्न २८-२९वर थांबवण्याचा करायचा.

तुमची कोरडी हवा इथे कामी येते. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. कोकणातल्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होत नाही. टाकी कूलरच्या खोलीत आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब असावी. दिवा रात्री लावा. बर्फ थेट टाकू नका, अचानक बदल त्यांना उष्णतेइतकाच बाधतो.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. रोज नळाच्या पाण्याने भर घातलीत तर महिन्याभरात टीडीएस दुप्पट झालेला दिसू शकतो. उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारं औषध आधी घाला, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण गढूळ पाणी आलं की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते. डासांचा फवारा त्या खोलीत मारूच नका. कीटकनाशक श्रिंपलाही कीटकासारखंच लागू पडतं.

खरेदी दिवाळीनंतर करा. उन्हात पार्सलने आलेले श्रिंप पिशवीतच अर्धमेले होतात. आले की पिशवीचं पाणी आणि श्रिंप भांड्यात काढा, गाठ मारलेल्या हवेच्या नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडा आणि तास-दीड तासाने जाळीने उचलून टाकीत ठेवा.

प्रश्न : घराजवळच्या वहाळात काचेसारखे पारदर्शक झिंगे मिळतात. दुकानातही ‘घोस्ट’ म्हणून तसेच स्वस्त मिळतात. ते पाळले तर चालतील? *– एक वाचक, चिपळूण*

उत्तर : आधी पुढचे पाय बघा. दुसरी जोडी बाकीच्या पायांहून लांब आणि टोकाला चिमटे असतील, तर ते मॅक्रोब्रॅकियम. खाण्यासाठी पाळतात तो मोठा झिंगा याच कुळातला आणि नर तीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. लहानपणी हे सगळे निरागस दिसतात, मोठे झाले की रात्री झोपलेले मासे धरतात. दुकानातल्या ‘घोस्ट’मध्ये अशी पिल्लं सर्रास मिसळलेली असतात.

पायांना लांब चिमटे नसून बारीक कुंचल्यासारखे केस असतील आणि प्राणी सतत दगड टिपत असेल, तर ते कॅरिडिना. ते निरुपद्रवी. कॅरिडिना बाबॉल्टी ही भारतातलीच जात परदेशातले शौकीन हौसेने पाळतात. आपल्या वहाळांत असा ठेवा असताना तिकडे कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. घ्यायचे तर चार-सहाच घ्या, महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवा, वहाळाचंच पाणी थोडं थोडं बदलत टाकीच्या पाण्यावर आणा. दुकानातले श्रिंप मात्र वहाळात कधीही सोडू नका. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने उबदार झालेल्या गिलबाख ओढ्यात पाळीव चेरी सुटून वस्ती करून बसले आहेत. आपल्या ओढ्यांना तर ऊब आयतीच आहे.

प्रश्न : टाकीत केसाळ शेवाळ फार झालंय. अमानो श्रिंप आणावेत का, आणि त्यांना पिल्लं होतील का? *– एक वाचक, ठाणे*

उत्तर : आणा. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने यांच्याकडून शेवाळ खाववून घेतलं, म्हणून हे नाव. पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतात, चेरीपेक्षा जास्त वर्षं जगतात. चाळीस लिटरला चार-पाच पुरेत, आणि वरचं खाणं कमी करा, नाहीतर ते शेवाळाकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. पिल्लं होणार नाहीत : मादी अंडी धरते, पण त्यातून निघणाऱ्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत मरतात.

प्रश्न : माझ्या बेटा (फायटर) माशासोबत चेरी ठेवू का? *– एक वाचक, सांगली*

उत्तर : नको. एखादा बेटा शांत निघतो, पण पिल्लं तोही खातो. सोबत हवीच असेल तर ओटोसिन्क्लस हा छोटा शेवाळखाऊ मासा ठेवा, तो पानं चाटत बसतो आणि श्रिंपच्या वाटेला जात नाही.