कोर्स नाही, बास्केट नाही. डिस्क गोल्फचा रोजचा सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळ राहता, फ्रिस्बीसारख्या वेगवेगळ्या चार डिस्क मागवल्यात, जवळपास कोर्स (खेळाचं आखलेलं मैदान) नाही, बास्केटही (कमीत कमी फेकींत डिस्क जिच्यात टाकायची ती साखळ्यांची टोपली) नाही, आणि तीन महिन्यांत फेक शंभर मीटरवर न्यायची आहे. त्यासाठी आठवड्याचं वेळापत्रक हवंय.

शंभर मीटर आधी डोक्यातून काढा. मी गुहागरचा, दाभोळची फेरीबोट ओलांडली की तुमच्या शेजारचाच. याच शंभर मीटरच्या नादात मी आठ-नऊ महिने आणि उजवं कोपर घालवलंय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

हा खेळ मला आतेभावाने दाखवला. वयाने मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. दोन वर्षं नोकरीसाठी अमेरिकेत होता, येताना डिस्क घेऊन आला. आत्या भाऊबीजेला आमच्याकडे येते, तिच्याबरोबर तो आला आणि त्यातल्या तीन डिस्क मला दिल्या. किनाऱ्यावर नेऊन त्याने एक फेकून दाखवली. ती सुरूच्या बनाच्या कडेकडेने गेली ती गेलीच, खाली यायचं नावच घेईना. पावलं मोजली तर एकशे दहा. माझी जेमतेम पन्नास. तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या हातात अजून ताकद नाही. आधी लांब फेकायला शीक. पटिंगचं बास्केट मिळेल तेव्हा बघू, बास्केटशिवाय तो सराव होतच नाही."

पटिंग म्हणजे जवळून लक्ष्यावर नेम धरून फेकणं, अशी एक फेक म्हणजे पट. दादाचं हे वाक्य मी सात महिने प्रमाण मानलं. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर साठ-सत्तर फेकी, प्रत्येक जीव खाऊन. तेही कोरड्या वाळूत पळत येऊन, जिथे पाय रुततो, कंबर फिरत नाही आणि सगळा भार हातावर येतो. ज्येष्ठात कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ बसली की विहिरीवरून भरलेली कळशी उचलता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे काहीही फेकायला बंदी केली आणि नंतरही हलक्या हातानेच असं बजावलं. तोवर आषाढ संपत आला होता.

मग मी आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, शिरलो. बाहेर पाऊस, किनारा उधाणाने खाल्लेला, आगरात मात्र वारा अडलेला असतो. एका पोफळीला मांडीच्या मध्यापासून छातीपर्यंत सुंभ गुंडाळला. तो बाबांसाठी, त्यांचं म्हणणं, खोडाला खोका पडल्या तर झाड जाईल, आणि ते बरोबरच होतं. पण सुंभाचा मला वेगळा उपयोग झाला. डिस्क मधोमध लागली की 'धप' असा बसका आवाज येतो आणि ती पायथ्याशी पडते. कडेला घासली की 'सर्र' होतं आणि ती मागच्या केळीत जाते. डोळे मिटूनही कळावं की कुठे लागली. पोफळीचं खोड वीतभरही रुंद नसतं. बास्केटच्या साखळ्यांचा पसारा दोन वितींहून जास्त. दोन महिने खोडाकडे बघून फेकल्यावर पहिल्यांदा खरं बास्केट समोर आलं तेव्हा ते मला दरवाजाएवढं वाटलं.

'बास्केटशिवाय सराव नाही' हे तर इतिहासालाही धरून नाही. साखळ्यांचं बास्केट हेड्रिकने काढलं. एड हेड्रिक म्हणजे ज्याने कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कोर्स आखला आणि १९७६ साली पीडीजीए ही या खेळाची संघटना सुरू केली, तो. त्याच्या आधी लोक झाडं, खांब, कचऱ्याचे डबे यांनाच लक्ष्य धरून खेळत होते. झाडावर खेळणं हा या खेळाचा मूळ रिवाज आहे. कोकणात झाडांना काय तोटा?

आता सराव नेमका काय केला ते सांगतो, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. खोडापासून पाच, सहा, सात, आठ, नऊ आणि दहा मीटरवर एकेक करवंटी पालथी ठेवली. फिनलंडकडून आलेला एक खेळ आहे, ज्यिली नावाचा. पाच डिस्क घेऊन दहा मीटरवरून सुरुवात. पाचही लागल्या तर पुढची फेरी पुन्हा दहावरून, चार लागल्या तर नऊवरून, तीन तर आठवरून, असं खाली. एकही नाही लागली तर पाचवरून. जितक्या लागल्या गुणिले अंतर, हे त्या फेरीचे गुण. अशा वीस फेऱ्या, म्हणजे शंभर फेकी. जास्तीत जास्त हजार गुण. खोडावर माझे पहिल्या दिवशी १८८ झाले. वहीत रोजचा आकडा लिहीत गेलो. नवरात्रात पहिल्यांदा पाचशे ओलांडले. चाळीस मिनिटं लागतात, कोपरावर ताण नाही. आणि चुकलेल्या फेकीची शिक्षा लगेच मिळते, कारण पुढच्या फेरीत तुम्ही मागे नाही, पुढे सरकता आणि गुण घटतात.

करवंटीच्या मागे पाय ठेवायचा आणि डिस्क सुटल्यावर तिथेच तोल सांभाळून उभं राहायचं. लक्ष्यापासून दहा मीटरच्या आत असताना तोल सावरल्याचं दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, हा नियम आहे. घरच्या सरावात हा नियम मोडायची सवय लागली तर ती सामन्यातही जात नाही.

तुमच्याकडे वेगवेगळ्या चार आहेत ही अडचण आहे. ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्क, आणखी मागवू नका. एकाच साच्याचे, एकाच वजनाचे पाच पटर, म्हणजे पटिंगच्या डिस्क, घ्या. हातात प्रत्येक वेळी वेगळी कड आली तर हात शिकणार कशावरून?

पुढची भाऊबीज आली. दादा आला. आम्ही किनाऱ्यावर सुरूचे सात वासे पुरून सात होल केले, एकेक वासा म्हणजे एकेक लक्ष्य. भाऊबीज म्हणजे द्वितीया. तिथी गुणिले तीन भागिले चार, म्हणजे दीड वाजता भरती. पाच वाजता खेळायला लागलो तेव्हा ओहोटी लागून साडेतीन तास झाले होते, घट्ट ओली वाळू उघडी पडली होती, आणि खारा वारा पुरता भरात होता.

पहिली फेक प्रत्येक होलला त्याचीच लांब, वीस-पंचवीस पावलांनी. पण दक्षिणेकडे तोंड करून खेळायच्या होल्सवर समुद्र उजवीकडे येतो. उजव्या हाताची बॅकहँड शेवटी डावीकडे कलते, तेव्हा तिचं पोट उजवीकडे उघडं पडतं आणि समुद्रावरचा वारा नेमका तिथे शिरतो. त्याच्या दोन डिस्क उचलून थेट सुरूच्या बनात गेल्या. तिसऱ्या होलला सहा मीटरवरून त्याने वाऱ्याविरुद्ध पट केला, नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, जरा वर राहिलं, डिस्क वाशाच्या डोक्यावरून गेली. परतीचा पट आता वाऱ्याच्या पाठीवर, तो वाशाच्या अलीकडेच बसला. तिथेच चार फेकी गेल्या. मी माझी हळू मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क, जमिनीलगत फेकत होतो आणि आठ मीटरच्या आतलं काही सोडत नव्हतो. सात होलमध्ये मी पाच फेकींनी जिंकलो.

किनाऱ्यावरच त्याने ते वाक्य म्हटलं, जे तो आजतागायत प्रत्येक लग्नकार्यात म्हणतो: "वारा नसता तर तू जिंकला नसतास."

वारा नसता तर! कोकणच्या किनाऱ्यावर वारा नसतो कधी? दिवसा खारा, रात्री उशिरापासून सकाळपर्यंत मतलई, आणि दोन्हींच्या मधे तासभर पडलेलं असतं तेवढंच. दादा नेहमी लांब फेकीच्या जागतिक विक्रमाचा दाखला देतो, २०१६ सालचा डेव्हिड विगिन्स ज्युनिअरचा, ३३८ मीटर. ती फेक नेवाडाच्या वाळवंटात झाली, आणि लांब फेकणारे तिथे जातात ते वाऱ्यासाठीच. म्हणजे लांब गेली तर हाताची ताकद आणि पट चुकला तर वाऱ्याची करणी, हा कुठला न्याय? मी ते तीन महिने जे केलं त्यात नशीब नव्हतं. भाद्रपदात पाऊस ओसरल्यावर मी आठवड्यातून तीनदा किनाऱ्यावर वासा रोवून त्याच्या चारी बाजूंनी पट करत होतो. एक बाजू तोंडावर वाऱ्याची, एक पाठीवर, दोन आडव्या. प्रत्येकीकडून वीस-वीस. तोंडावर वारा असला की डिस्क उचलते आणि उजवीकडे वळते, म्हणून नाक खाली दाबून, वाशाच्या गुडघ्याकडे बघून सोडायची. पाठीवर असला की लवकर बसते, म्हणून वाशाच्या डोक्याकडे बघायचं. डावीकडून आला तर वरून दाबतो, उजवीकडून आला तर खालून उचलतो. हे वाचून समजतं, हाताला समजायला दीड-दोन महिने जातात.

तेव्हा वेळापत्रक म्हणाल तर आगर किंवा अंगण रोज, किनारा आठवड्यातून तीनदा, त्यातला एक दिवस सकाळी लवकर, मतलई चालू असताना. वेळ तिथीवरून काढा. अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ भरती असते, तेव्हा किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही वेळा ओहोटी, तेव्हा मैदानच मैदान. समुद्राच्या बाजूला कलणारी फेक भरतीच्या वेळी टाळा, बहुतेक डिस्क बुडतात.

लांबीचं थोडक्यात. पळत येणं बंद करा, जागेवर उभं राहून पटर किंवा मिडरेंजने फेका. पटर सरळ साठ मीटर जाईपर्यंत बारा वेगाच्या, म्हणजे फार वेगाने फेकाव्या लागणाऱ्या ड्रायव्हरला हात लावू नका. त्या डिस्कला तेवढा वेग मिळाला नाही तर ती लगेच डावीकडे पडते, आणि ती सरळ करायच्या नादात माणूस मनगट वाकडं करायला शिकतो. मोबाइल बाजूला वाळूत उभा करून चित्रीकरण करा आणि डिस्कचं नाक वर आहे का एवढंच बघा. नव्वद टक्के लांबी तिथेच गळते, असं माझं मत आहे. एका दिवशी तीस फेकी पुरेत. दादाने मला हे सांगायला हवं होतं, त्याला ठाऊक होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी प्रशिक्षक नाही. कोपर किंवा खांदा दुखला तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, मी तीन आठवडे अंगावर काढलं तसं काढू नका. कातळावर, जांभ्याच्या गडग्याजवळ नव्या डिस्क फेकू नका, जांभा कडा कुरतडतो आणि कड गेलेली डिस्क उजवीकडे वळायला लागते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला कोरड्या वाळूत वर येतात, तुमच्याकडे आंजर्ल्यालाही येतात. वनखात्याचं कुंपण असेल तो भाग सोडा आणि अंधार पडल्यावर खेळू नका. कुणी जाळं वाळत घातलं असेल तर त्या दिशेला फेक नाही म्हणजे नाही. आणि हो, ज्याच्या हातात जन्मतः वेग आहे त्याने लांबीवर मेहनत करू नये असं मी म्हणत नाही. दादाची फेक आजही बघत राहावी अशी आहे. फक्त नवख्याला पहिल्या दिवशी तो रस्ता दाखवू नये.

सुंभ दरवर्षी बदला, पावसात कुजतो. गाठ मागच्या बाजूला घ्या, नाहीतर डिस्क गाठीवर आपटून भलतीकडे उडते आणि वहीतला आकडा खोटा होतो.

यंदा दादाचा निरोप आलाय की भाऊबीजेला सकाळी सातला खेळू, तेव्हा वारा कमी असतो. साडेसातला ओहोटी, किनारा मोकळा. मी हो कळवलंय, आणि संध्याकाळी पाचचाही डाव ठेवलाय. वासे तेच, होल तीच.