लैंगिक सर्वेक्षणांत लोक खरं सांगतात का?

लैंगिक विषयांवरच्या सर्वेक्षणांत गमतीजमती घडतात का आणि लोक खरं बोलतात का, असं तुम्ही विचारलंय. प्रजनन आरोग्याच्या सर्वेक्षणांसाठी मी गावोगाव मुलाखती घेतल्या आहेत. गमती भरपूर घडतात, पण मला सगळ्यात जास्त मजा आकड्यांची वाटते.

ब्रिटनमध्ये ‘नॅटसल’ नावाचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. २०१०-१२च्या फेरीत पुरुषांनी आयुष्यभरातल्या स्त्री-जोडीदारांची संख्या सांगितली सरासरी १४. बायकांनी पुरुष-जोडीदारांची सांगितली ७. आता प्रत्येक जोडीत एक बाई, एक पुरुष. देशात दोघांची संख्याही जवळपास सारखी. म्हणजे दोन्ही सरासऱ्या जवळजवळ जुळायलाच हव्यात! संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं, तर काही थोड्या पुरुषांनी सांगितलेले अवाढव्य आकडे सरासरी वर ओढत होते. शिवाय बायका एकेक आठवून मोजतात, पुरुष बऱ्याचदा अंदाजाने ठोकून देतात. १०, २०, ५० असे गोल आकडे दिसले की अंदाज ओळखावा. सतरा म्हणणारा बहुधा मोजूनच आलेला असतो.

आपल्याकडची अडचण वेगळी, एकांताची. नाजूक प्रश्नाला हात घातला की सासूबाई हमखास तांदूळ निवडायला शेजारी येऊन बसतात. मग आम्ही तडक पिण्याच्या पाण्याच्या आणि शौचालयाच्या प्रश्नांवर. त्या उठून गेल्या की सूनबाईच हळूच म्हणते, “ताई, मघाचं विचारा ना.” बायकांना बोलायचं असतं, हे मी तिथे शिकले.

विचारण्याची रीत तर फार महत्त्वाची. अमेरिकेतले आल्फ्रेड किन्सी मुळात कीटकांचे अभ्यासक. ते “असं कधी केलंय का?” न विचारता थेट “पहिल्यांदा कधी केलंत?” असं विचारायचे. त्यामुळे कबुली देण्याचं ओझंच उरत नसे. १९४८ साली पुरुषांवरचा त्यांचा अहवाल आला आणि अमेरिका हादरली.

माझी सगळ्यात आवडती युक्ती मात्र नाण्याची. उत्तर देणाऱ्याने मुलाखत घेणाऱ्यापासून लपवून नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. १०० जणांत ६० ‘हो’ आले, तर त्यातले ५०च्या आसपास नाण्याचे. उरलेल्या ५० जणांतले १० खरे ‘हो’, म्हणजे साधारण २० टक्के. यातलं नेमकं कुणाचं ‘हो’ खरं, हे मुलाखत घेणाऱ्यालाही कळत नाही.