पाच टक्के सूट आणि वरच्या मजल्यावरचं यंत्र

नमस्कार,

इतर वाचकांसाठी तुमची हकीकत आधी थोडक्यात सांगते. तुम्ही दोघांनी घर पसंत केलं, किमतीच्या २ टक्के टोकन दिलं, कर्जही मंजूर झालं. करारावर सह्या व्हायच्या आठवडाभर आधी रात्री नऊला तुम्ही तिथे गेलात, तेव्हा वरच्या मजल्यावर लाकूडकामाचं यंत्र चालू होतं. जिन्यात भेटलेल्या बाईंनी सांगितलं की हे रोजचंच आहे, शिवाय गाडी लावायच्या जागेवरून वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं आणि विक्रेत्याचं वाजलेलं आहे. विक्रेता आधी "तसं काही नाही" म्हणाला आणि मग त्याने किंमत ५ टक्क्यांनी कमी करायची तयारी दाखवली. सूट घेऊन पुढे जावं की टोकनवर पाणी सोडावं, असा तुमचा प्रश्न आहे.

टोकनवर पाणी सोडा, असं माझं मत आहे.

सोयीसाठी घराची किंमत १०० धरू. आज मागे फिरलात तर २ जातात. घेतलंत तर तुमच्याच अंदाजाप्रमाणे नोंदणी, कर, दलाली, वकील, सामान हलवणं आणि कपाटं मिळून ९ खर्च होतील. पुढे विकायची वेळ आली तर त्या दलालीचे आणखी २. हे ११ परत येत नाहीत. विक्रेत्याने दिलेले ५ यातून वजा करायचा मोह होईल, पण ते करू नका. ज्या कारणासाठी आज तुम्हाला सूट मिळते आहे, त्याच कारणासाठी पुढचा ग्राहक तुमच्याकडे सूट मागेल. ते ५ तुमच्याकडे राहतात ते तुम्ही तिथे कायमचे राहिलात तरच, आणि तेव्हा ते त्या आवाजाची भरपाई म्हणून मिळालेले असतात.

म्हणजे एका बाजूला आजचे २, दुसऱ्या बाजूला थोड्या वर्षांत घर सोडावं लागलं तर ११. सोडावं लागण्याची शक्यता पाचात एक जरी असली, तरी टोकन सोडणं स्वस्त पडतं. कायमचे राहिलात तर ५ टक्क्यांची सूट निव्वळ फायदा, असं धरून हिशेब मांडला, तर ही सीमा ४४ टक्क्यांच्या आसपास जाते. आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य पाहा: "हे म्हणतात, दोन-तीन वर्षं काढू, नाही जमलं तर विकून टाकू." घर घेण्याआधीच जो माणूस विकण्याचं बोलतो आहे, त्याच्या मनात ही शक्यता निम्म्याच्या जवळपास तरी आहे. दोन्ही हिशेबांनी उत्तर एकच येतं.

"तोवर घराची किंमत वाढेलच की," असं तुमचे मिस्टर म्हणतील. वाढेल कदाचित. पण त्या काळात तुम्हाला जे दुसरं घर घ्यायचं असेल, त्याचीही वाढलेली असेल. शिवाय ७५ टक्के कर्ज, २० वर्षं, ९ टक्के व्याज हे तुमचे आकडे घेतले, तर पहिल्या तीन वर्षांत तुम्ही हप्त्यांतून सुमारे २४ भराल आणि त्यातले मुद्दलात पाचही जाणार नाहीत. भाडं वाचेल हे खरं, म्हणून उरलेलं सगळं व्याज मी नुकसानीत धरत नाही. पण तीन वर्षांत विकताना हाती फारसं काही साठलेलं नसेल, हे आताच दोघांनी बसून पाहावं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या शिलकीची. घर घेतल्यावर तुमच्याकडे दोनच महिन्यांच्या खर्चाइतके पैसे उरणार आहेत. मी सहा महिन्यांखाली कोणालाही जाऊ देत नाही. त्रास असह्य झाला तर दुसरीकडे भाड्याने राहून इथला हप्ता भरत राहायचं, हा मार्ग ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांना मोकळा असतो. तुम्हाला तो नाही. तोच शेजारी, तोच आवाज, पण गाठीला पैसे असते तर माझं उत्तर इतकं ठाम नसतं.

"सवय होईल" हा मुद्दा तुम्हीच मांडला आहे, म्हणून त्यावर थोडं लिहिते. नील वाइनस्टीन या संशोधकाने एका नव्या महामार्गालगतच्या रहिवाशांना तो सुरू झाल्यावर चार महिन्यांनी आणि पुन्हा सोळा महिन्यांनी विचारलं होतं. १९८२ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. वर्षभरात लोकांचा वैताग कमी झाला नव्हता, उलट आपल्याला याची सवय होईल हा विश्वासच ओसरला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीतल्या सततच्या आवाजाची मर्यादा ३० डेसिबल आणि मधूनच येणाऱ्या आवाजाची ४५ डेसिबल सांगितली आहे. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. छताला खालून ध्वनिरोधक लावू, असं कोणी सुचवेल. यंत्राची थरथर स्लॅब आणि भिंतींमधून उतरते, तिला अडवायचं तर वरच्याच्या जमिनीवर, यंत्राखाली काम करावं लागतं. तुमच्या पैशाने त्याच्या घरात काम करायला तो तयार होईल का, याचं उत्तर जिन्यातल्या बाईंनी बहुधा दिलेलंच आहे.

तुम्ही लिहिलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. घरात दोन झोपायच्या खोल्या आहेत, तरी विक्रेत्यांच्या गाद्या हॉलमध्ये भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या होत्या, आणि आतल्या मोठ्या खोलीत खोकी रचलेली होती. आवरासावर चालू असेल, असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, त्या खोलीत कोणी झोपतच नसावं. तसं असेल तर तुम्ही दोन खोल्यांचे पैसे देऊन एकच वापरणार आहात, आणि त्याची किंमत ५ टक्क्यांत बसत नाही.

गाडीच्या जागेचं भांडण मला तितकं गंभीर वाटत नाही. तो वाद कागदावर मिटतो: जागा कोणाच्या नावाने दिली आहे ते इमारतीच्या व्यवस्थापनाच्या नोंदीत दिसेल. वैयक्तिक राग असला तर तो बऱ्याचदा विक्रेत्याबरोबर निघूनही जातो.

विक्रेत्याच्या "तसं काही नाही" या उत्तराबद्दल मात्र सावध राहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकणारा सहसा एक छापील माहितीपत्रक भरून देतो आणि त्यात शेजाऱ्यांशी वाद किंवा तक्रारी झाल्या आहेत का, हा प्रश्न थेट असतो. खोटं लिहिलं तर नुकसानभरपाई भरायची वेळ येऊ शकते. असं पत्रक जिथे नाही, तिथेही हाच प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर मागता येतं. मागून पाहा. लिहून द्यायला त्याने टाळाटाळ केली, तर टोकन परत मागायला तुमची बाजूही भक्कम होते. याची दुसरी बाजू ही की तुम्ही राहायला गेलात आणि लेखी तक्रारी केल्यात, तर उद्या विकताना त्या तुम्हालाही सांगाव्या लागतील.

टोकन बुडालं याची रुखरुख लागेल. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की नाटकाचं हंगामी तिकीट पूर्ण किमतीला घेतलेले लोक सवलतीत घेतलेल्यांपेक्षा जास्त प्रयोगांना गेले. पैसे दिलेत म्हणून जायचं, ही ओढ सगळ्यांनाच असते. नाटकात ती एका संध्याकाळपुरती असते, इथे २० वर्षांचं कर्ज आहे.

माझं मत बदलेल असा एकच मार्ग मला दिसतो. विक्रेता दोन-तीन महिने ते घर तुम्हाला भाड्याने द्यायला तयार असेल, टोकन तसंच राहणार असेल आणि न पटल्यास बाहेर पडायची मुभा कागदावर असेल, तर राहून पाहा आणि आतल्या मोठ्या खोलीतच झोपा. घाई असलेला विक्रेता याला सहसा तयार होत नाही, पण विचारायला हरकत नाही.

तो नाही म्हणाला, तर सहीच्या तारखेआधी लेखी कळवा: शेजाऱ्याच्या त्रासाची आणि वादाची माहिती आम्हाला दिली गेली नव्हती, म्हणून व्यवहार पुढे नेत नाही, टोकन परत करावं. पावतीवर परताव्याची अट काय आहे ते आधी वकिलाला दाखवा; पूर्ण नाही तरी काही भाग सुटू शकतो. त्याच दिवशी बँकेला फोन करा. तुमच्या उत्पन्नावर झालेली मंजुरी दुसऱ्या घरासाठी किती दिवस चालेल आणि नव्या घराच्या तपासणीचं शुल्क किती पडेल, एवढं विचारून ठेवा.